रानातला मुक्काम : खाट, माळा की झोळी?



पेरणी झाली की रानडुकरं हाकायला रानात जावं लागतं. ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरले, की जागल सुरू होते. खळ्यावर रास पडली की तिच्याजवळ कुणीतरी हवंच. ज्यांच्याकडे विजेची रात्रीची पाळी असते, त्यांना अपरात्री उठून मोटर चालू करावी लागते, दारं मोडावी लागतात. थोडक्यात काय, वर्षातल्या कितीतरी रात्री आपण घराबाहेर काढतो.

बियाणं घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पण रानात झोपायचं कसं, याचा विचार कोण करतो? बांधावर गोणपाट टाकायचं, वर घोंगडी ओढायची, उशाला बॅटरी आणि काठी ठेवायची, की झाली सोय. पाऊस आला तर खताच्या गोण्यांची खोळ आहेच. मंडळी, ही सोय नाही, ही गैरसोय आहे, आणि कधी कधी ती जिवावर बेतते. म्हणून या वेळच्या पत्रकात रानातल्या मुक्कामाचाच विचार करू. विशेषतः दोन झाडांमध्ये बांधायची माणसाची झोळी आणि तिच्यावरचं ताडपत्रीचं पाल, यांची निवड कशी करावी आणि ती बांधावीत कशी, ते नीट समजून घेऊ.

जमिनीवर का झोपू नये?

पहिलं कारण मण्यार. हा साप दिवसा दडून बसतो आणि रात्री फिरतो. माणूस दिसला म्हणून तो अंगावर येत नाही. तो फिरतो भक्ष्याच्या शोधात, आणि फिरता फिरता जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येतो. झोपेत हात-पाय हलला, अंगाखाली दबला, की चावतो. मण्यारीचा दंश बहुधा मध्यरात्र ते पहाट या वेळात होतो. त्याची आग होत नाही, सूज येत नाही, दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखू लागतं, घसा धरतो, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी बाधलं असेल. आणि तेवढ्यात मोलाचा वेळ निघून जातो.

दुसरं कारण विंचू. कोकणात आणि इतरत्रही आढळणारा लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले, हे तुम्हांपैकी पुष्कळांना माहीत असेल. तिसरं कारण ओल. पावसाळ्यात जमिनीची ओल अंथरुणात चढते आणि सकाळी अंग आंबून जातं. चौथं कारण गवतातले बारीक कीटक, गोचीड, मुंग्या.

या चारही गोष्टींवर पहिला उपाय एकच : जमिनीपासून वर झोपा. आणि दुसरा : मच्छरदाणीत झोपा. हे दोन नियम पाळले की अर्ध्याहून जास्त काम झालं. आता वर झोपायचं म्हणजे कशावर?

तीन वाटा आहेत

पहिली वाट खाटेची. चार पाय, सुंभ किंवा नवारीची पट्टी, वर अंथरूण. कंबर दुखणाऱ्याला, वयस्कर माणसाला, गरोदर बाईला खाटच बरी. खाट एका जागी राहणार असेल, खळ्यावर किंवा विहिरीजवळ, तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. अडचण एवढीच की ती आज या रानात, उद्या त्या रानात नेता येत नाही.

दुसरी वाट माळ्याची. चार मजबूत वासे रोवून दहा-बारा फुटांवर केलेला माळा. जिथं रानडुकराचा उपद्रव जास्त, तिथं माळाच हवा. वरून रान दिसतं, आणि जनावर अंगावर येत नाही. पण माळा उभारायला लाकूड लागतं, दोन-तीन माणसं लागतात, आणि दरवर्षी त्याची डागडुजी करावी लागते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चढण्यापूर्वी वासे जमिनीलगत कुजलेत का, हे कोयत्याच्या मुठीनं ठोकून बघावं. पोकळ आवाज आला तर चढू नये.

तिसरी वाट झोळीची. झोळी आपल्याला नवी नाही. खुरपणीला गेलेली बाई बाळाला लुगड्याच्या झोळीत घालून झाडाला टांगते, ते आपण जन्मापासून पाहतो. तीच झोळी मोठ्या माणसाच्या मापाची केली की झालं काम. जगाच्या पलीकडच्या कॅरिबियन बेटांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या अशीच झोपत आली. १४९२ साली कोलंबस तिथं पोचला तेव्हा त्यानं ती झोळी पाहिली, आणि पुढे युरोपातले खलाशी जहाजावर तिच्यातच झोपू लागले. ओल्या जमिनीपासून वर, वाऱ्यावर, आणि सकाळी गुंडाळून काखोटीला मारता येईल, हा तिचा गुण. ज्याला रोज वेगळ्या रानात मुक्काम करायचा, त्याला झोळी सोयीची.

पण एक ध्यानात ठेवा. झोळी जमिनीपासून जेमतेम दीड फूट वर असते. ती सापा-विंचवापासून आणि ओलीपासून वाचवते. रानडुकरापासून किंवा बिबट्यापासून ती वाचवत नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

झोळी निवडताना काय पाहाल?

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला जाळीची झोळी. जत्रेत, रस्त्याच्या कडेला टांगलेली असते ती. उन्हाळ्यात दुपारी पडायला छान. पण रात्रभराच्या झोपेला ती कामाची नाही. गाठी पाठीत रुततात, बोटं आणि सदऱ्याची बटणं जाळीत अडकतात, आणि खालून डास चावतात.

दुसरा प्रकार जाड सुती कापडाची. मांजरपाट किंवा त्याहून जाड कापड. अंगाला बरं वाटतं, घाम शोषतं, घरी शिवता येतं. दोष असा की भिजली की जड होते आणि ओलीच गुंडाळून ठेवली तर कुजते. तिसरा प्रकार पॅराशूटसारख्या पातळ नायलॉन कापडाची. वजनाला हलकी, लवकर वाळते, पावसाळ्याला चांगली. दोष असा की कापड पातळ असल्यानं डास त्यातूनही चावू शकतो, आणि विस्तवाची एक ठिणगी पडली तरी भोक पडतं.

कुठलीही घ्या, पण माप बघून घ्या. लांबी किमान १० फूट हवी, माणूस उंच असेल तर ११ फूट. रुंदी साडेचार ते पाच फूट. आखूड झोळीत माणूस केळ्यासारखा वाकतो आणि सकाळी कंबर धरते. 'झोळीत झोपलं की पाठ दुखते' असं म्हणणारे बहुतेक जण आखूड झोळीत झोपलेले असतात.

घरी शिवायची असेल तर दोन्ही टोकांना तीन बोटं रुंदीची दुमड घालून ती दुहेरी-तिहेरी शिलाईनं पक्की करा. त्या दुमडीतून दोर ओवा आणि कापड चुण्या पाडून आवळा. जुनं लुगडं वापरू नका. बाळाचं वजन पेलणारं लुगडं तुमचं वजन पेलेलच असं नाही. जीर्ण कापड आधी कुरकुरत नाही, एकदम फाटतं.

झाड कसं निवडावं?

दोन झाडांमधलं अंतर १३ ते १५ फूट असावं. खोड किमान मांडीएवढं जाड हवं. कडुलिंब, आंबा, चिंच, बाभूळ ही झाडं चांगली. शेवगा आणि पांगारा नको. त्यांचं लाकूड ठिसूळ असतं, अचानक मोडतं. नारळाखाली तर कधीच बांधू नका. नारळ पडायला वेळ-काळ लागत नाही. वाळलेल्या झाडाला दोर बांधू नका.

बांधण्याआधी मान वर करून बघा. वाळकी फांदी लोंबकळते आहे का? आग्या मोहोळ आहे का? मग खाली बघा. बुंध्याशी बीळ आहे का, वारूळ आहे का, दगडांचा ढीग आहे का? अशी जागा सोडून द्या. ओढ्याच्या पात्रात किंवा नाल्याच्या कडेला बांधू नका. वर कुठंतरी पाऊस झाला तर पाणी रात्रीत येतं.

आणि विजेचा खांब? मंडळी, खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला किंवा मोटारीच्या पेटीच्या लोखंडी अँगलला झोळीचा किंवा ताडपत्रीचा दोर मुळीच बांधू नका. पावसात ओला दोरही वीज वाहून आणू शकतो.

झाडाला नुसता बारीक दोर गुंडाळला तर तो सालीत रुततो आणि झाडाला इजा होते. म्हणून खोडाभोवती दोन बोटं किंवा त्याहून रुंद पट्टा घ्या. खाटेची जुनी पण धड नवार दुहेरी करून चालते. तोही नसेल तर गोणपाटाची घडी खोडाला लावून तिच्यावरून दोर बांधा. झाडही आपलंच आहे.

दोर आणि त्याचा ताण

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवखा माणूस झोळी ताणून बांधतो, खाटेसारखी सपाट व्हावी म्हणून. ही मोठी चूक. दोर जितका आडवा आणि तंग, तितका त्याच्यावर ताण जास्त. हिशेबच बघा. माणसाचं वजन ६० किलो धरू. दोर जमिनीशी ३० अंशांचा उतार करून बांधला, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर साधारण ६० किलोचा ताण येतो. उतार १० अंशांचा केला तर तोच ताण १७० किलोच्या वर जातो. आणि जवळजवळ आडवा, ५ अंशांचा केला, तर ३४० किलोच्या वर! माणूस तोच, झोळी तीच, पण दोर तुटतो, कापड फाटतं किंवा खोड हलतं.

विहिरीवर दोन खांबांमध्ये तंग दोर बांधून मधोमध नुसत्या हातानं दाबून बघा. दोन्ही खांब आत ओढले जातात. तोच हा प्रकार.

मग ३० अंश मोजायचे कसे? सोपं आहे. झोळीच्या टोकापासून झाडाकडे सात वितींचं आडवं अंतर असेल, तर दोर तेवढ्यात चार वितींनी वर चढला पाहिजे. सातास चार, एवढं लक्षात ठेवा. १४-१५ फुटांवर दोन झाडं असतील आणि झोळी १० फुटांची असेल, तर दोर खोडावर साधारण साडेपाच ते सहा फुटांवर बांधला की हे माप बसतं. झोळीत बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे खुर्चीच्या उंचीवर राहावं. त्याहून उंच बांधू नका. रात्री झोपेत उतरताना तोल गेला तर दीड फुटावरून पडणं वेगळं आणि चार फुटांवरून पडणं वेगळं.

झोळीचा दोर १० ते १२ मिलिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा घ्या. काथ्याचा दोर नको. एक गुण लक्षात घ्या : नायलॉनचा दोर भिजला की ताणतो आणि झोळी खाली येते. सुती दोर भिजला की उलट आवळतो. म्हणून पावसाच्या रात्री झोपण्याआधी एकदा उंची पाहून घ्यावी. झाडाच्या बाजूला निरगाठ मारा, सुरगाठ नको. सुरगाठ ताडपत्रीच्या कडेच्या दोऱ्यांना मारावी, कारण ती एका ओढीत सुटते आणि वादळात तेच हवं असतं.

पहिल्या रात्री झोपण्याआधी परीक्षा घ्या. ५० किलोची दोन पोती झोळीत ठेवा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. मग गाठी सरकल्या का, शिलाई उसवली का, खोड हललं का ते बघा. पोत्याखाली जे टिकलं ते तुमच्याखाली टिकेल. त्यानंतर दररोज बसताना आधी बुडानं हळूच भार द्या आणि मगच पाय वर घ्या.

झोपायची रीत

झोळीत सरळ लांबीत झोपू नका. थोडं तिरपं झोपा. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, असं कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. तिरपं झोपलं की कापड पसरतं, पाठ जवळजवळ सपाट राहते आणि कुशीवरही वळता येतं. पाच फुटांची रुंदी यासाठीच लागते. गुडघ्याखाली घोंगडीची लहानशी गुंडाळी ठेवली तर आणखी आराम.

लहान मुलांना रात्री एकटं झोळीत झोपवू नका. मूल उलटं वळलं तर कापडात तोंड दबतं, आणि लोंबता दोर गळ्याभोवती अडकू शकतो.

वरचं पाल

ऊसतोडीला जाणारी मंडळी, मेंढपाळ, सगळे ताडपत्रीचं पाल टाकतात. झोळीवरचं पाल त्याच पद्धतीचं, फक्त खांबांच्या जागी झाडं. ताडपत्री घेताना तीन गोष्टी विचारा : माप किती, जाडी किती, आणि उन्हात टिकण्याची प्रक्रिया केलेली आहे का.

जाडी चौरस मीटरच्या वजनावर सांगतात. पावसाळ्यासाठी २०० ते २५० ग्रॅमची प्लॅस्टिक ताडपत्री बरी. त्याहून पातळ घेतली तर वाऱ्यानं कडेच्या रिंगा उपटून येतात. माप १२ फूट बाय १५ फूट घ्या. २०० ग्रॅमच्या ताडपत्रीचं वजन या मापात साधारण साडेतीन किलो भरतं; सायकलच्या कॅरिअरला सहज बसतं. कॅनव्हासची ताडपत्री टिकाऊ असते, आतून घाम कमी धरते, पण वजनदार. एका जागच्या खाटेला ती चांगली, फिरत्या झोळीला नाही.

बांधायची रीत घराच्या छपरासारखी. आधी दोन झाडांमध्ये आढ्याचा दोर बांधा, झोळीच्या दोराच्या थोडा वर. हा दोर मात्र तंग हवा, कारण त्याच्यावर वजन नसतं. ताडपत्रीची १२ फुटांची बाजू आढ्याला समांतर धरा आणि १५ फुटांची बाजू दोन पाखांवर सोडा. प्रत्येक पाखं साडेसात फुटांचं होतं. कडेचे दोर खुंट्यांना ओढून बांधा. खुंटी सरळ ठोकू नका. तिचं डोकं पालापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा, म्हणजे ओढ लागली तरी उपटत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूचं पाखं जमिनीजवळ आणा, विरुद्ध बाजूचं थोडं उंच ठेवा म्हणजे हवा खेळते आणि रानावर नजरही राहते. पाखांना पुरेसा उतार द्या. सपाट ताडपत्रीत पाणी साचून फुगा होतो, आणि मध्यरात्री सगळा फुगा अंगावर येतो.

कडेची रिंग तुटली तर ताडपत्री टाकून देऊ नका. त्या ठिकाणी आतून एक गुळगुळीत गोटा ठेवा, बाहेरून दोरानं गळ्याशी आवळा. रिंगेपेक्षा ही गाठ पक्की बसते.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण तिच्यावाचून सगळं फुकट. पाऊस पडला की झाडाच्या खोडावरून पाणी झोळीच्या दोरावर येतं आणि दोराच्या उतारानं सरळ अंथरुणात शिरतं. वर ताडपत्री कोरडी, आणि माणूस खालून ओला! यावर उपाय म्हणजे ताडपत्रीच्या कडेच्या आत, झोळीच्या दोराला वीतभर सुती दोरी किंवा चिंधी लोंबती बांधा. दोरावरून आलेलं पाणी त्या चिंधीवरून खाली गळून जातं. दोन्ही टोकांना अशी चिंधी हवी.

मच्छरदाणी

मच्छरदाणी डासांसाठी तर हवीच, पण साप-विंचवासाठीही हवी. साप दोरावरून किंवा झाडावरून येणारच नाही, अशी खात्री कुणी देऊ नये. जाळी चारी बाजूंनी बंद असली की ती काळजी मिटते. आढ्याच्या दोराला एका माणसाची मच्छरदाणी टांगा, ती झोळीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडा, आणि झोळीच्या खाली कडा गोळा करून सुरगाठ मारा. जाळी जमिनीला टेकता कामा नये. सरकारी दवाखान्यातून औषध भारलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर तीच वापरा. मासे पकडायला किंवा भाजीवर घालायला ती नेऊ नका. खाटेवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात, हेही विसरू नये.

थंडीच्या दिवसांत

पौष-माघात झोळीत वरून दोन घोंगड्या घेतल्या तरी पाठ गारठते. याचं कारण खालून वारा लागतो. अंगाखालची गोधडी दबून पातळ होते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि हवा गेली की ऊब गेली. उपाय असा, की एक जाड गोधडी झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूनं, दुसऱ्या झोळीसारखी बांधा. ती झोळीला अलगद टेकावी, पण दबू नये. तिच्यात हवा राहते आणि पाठ उबदार राहते.

ऊब मिळावी म्हणून झोळीखाली शेकोटी किंवा शेगडी ठेवू नका. प्लॅस्टिकची ताडपत्री आणि नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. आणि चारी बाजूंनी बंद केलेल्या पालात कोळशाची शेगडी पेटवली तर तिचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. विडी आणि डासांची उदबत्तीही पालाबाहेरच.

झोळी केव्हा बांधू नये

एक. ढग गडगडू लागले की झोळी सोडा. झाडाखाली झोपणं एरवी चांगलं, पण वीज पडते ती उंच झाडावर. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडू नका. जवळ घर नसेल तर झाडांपासून दूर, सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवं बसा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे मोबाईल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. पोरांकडून ते फोनवर घालून घ्या.

दोन. जिथं बिबट्याचा वावर आहे, जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यासारख्या भागात, तिथं उघड्यावर झोपू नका. झोळीत नाही आणि खाटेवरही नाही. दार लागणाऱ्या खोलीत झोपा. राखणीला जाताना दोघं मिळून जा, बॅटरी लावा, मोठ्यानं बोलत चला. जिथं रानडुकरं येतात तिथं माळा बांधा.

तीन. फवारणी केलेल्या रानात त्या रात्री मुक्काम नको. गेलंच पाहिजे तर वारा आपल्याकडून रानाकडे जाईल अशा बाजूला बसा. औषधाच्या रिकाम्या गोण्या अंथरायला घेऊ नका.

साप चावलाच तर

घाबरू नका आणि पळू नका. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा. कापू नका, चोखू नका, करकचून दोरी आवळू नका. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. म्हणून साप मारून न्यायची गरज नाही. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा : रानात किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, साप चावला असं धरून चाला.

जाता जाता

सकाळी उठलात की चपला झटकून मगच पायात घाला. झोळी झटका, दोर बघा, ताडपत्री वाळवून गुंडाळा. ओली गुंडाळलेली ताडपत्री उंदरांना आणि बुरशीला आमंत्रण आहे. हंगाम संपला की सगळं धुऊन, वाळवून, घरात आढ्याला टांगून ठेवा.

थोडक्यात सांगायचं तर : एका जागी मुक्काम असेल तर खाट, डुकरं असतील तर माळा, फिरती राखण असेल तर झोळी. झोळी दहा फुटांची, दोराचा उतार सातास चार, बूड दीड फुटावर, वर बारा-पंधराची ताडपत्री, भोवती मच्छरदाणी. आणि वीज चमकली की सगळं तिथंच टाकून घर.

पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा येईल, मंडळी. राखणारा माणूस सकाळी धडधाकट घरी आला पाहिजे. तेवढं सांभाळा.

रामराम.